दुसऱ्यासाठी मागताना नाव घे

स्वतःचं गाऱ्हाणं देवापुढे मांडायला लाजू नकोस, पण तिथेच थांबू नकोस. ‘सगळ्यांचं भलं कर’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. नाव घेऊन मागणं जड जातं, कारण मग त्या माणसाची चौकशीही करावी लागते. शेजारच्या वहिनींचे सासरे बांबोळीच्या इस्पितळात दाखल आहेत ना? त्यांचं नाव घे, आणि संध्याकाळी वहिनींना जेवण नेऊन दे.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सावकाश वाच. चौघं जण पक्षाघात झालेल्या माणसाला घेऊन येतात, गर्दीमुळे आत शिरता येत नाही, तेव्हा छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. मला हे फार मोठं वाटतं. आजारी माणसाला कधी कधी प्रार्थना सुचतही नाही. तेव्हा ती आपण करायची. देव सदोम गावाचा नाश करणार होता, तेव्हा अब्राहामही ‘पन्नास नीतिमान सापडले तर गाव वाचव’ इथून दहांपर्यंत विनवत आला, आणि ते गाव त्याचं नव्हतं.

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल. त्यातला एक दिवस फक्त दुसऱ्यांसाठी राखून ठेव. जहाजावर गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई, परीक्षेला बसलेली पोरं, आणि ज्याच्याशी तुझं बोलणं बंद आहे तोही. त्याच्यासाठी शब्द फुटले नाहीत तर नुसतं नाव घे.

एक मात्र सांभाळ. कुणी विश्वासाने सांगितलेलं दुखणं प्रार्थनासभेत त्याला विचारल्याशिवाय मोठ्याने मांडू नकोस.