आडत्यांकडून भांडवल घेऊन गोव्यात मोठ्या रकमेचा ब्लॅकजॅक खेळावा का?

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजता येतात (म्हणजे पडून गेलेले पत्ते लक्षात ठेवून उरलेल्यांचा अंदाज घेता येतो) आणि गोव्यातील कॅसिनोत थोडेफार जिंकणेही होते, म्हणून आता लातूरच्या मोंढ्यातील ओळखीच्या आडत्यांकडून टक्केवारीवर भांडवल उभारून मोठ्या डावांना बसावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे.

1980 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या, पत्ते मोजून ब्लॅकजॅक खेळणाऱ्या चमूने खेळाडू आणि बाहेरचे गुंतवणूकदार यांच्याकडून 89,000 डॉलर उभारले होते. मात्र तेथे खेळाडूंची कसून परीक्षा होई आणि शिस्त कडक असे. उत्तम मोजणीनेही कॅसिनोवर मिळणारी आघाडी लावलेल्या रकमेच्या साधारण एक टक्का असते, म्हणजे 5,000 रुपयांच्या 100 डावांत अपेक्षित नफा 5,000 रुपये, तर त्याच डावांतील चढउतार 50,000 रुपयांच्या पुढे सहज जातो, आणि हे सोयाबीनच्या भावात मुरलेल्या आडत्यालाही पटवणे सोपे नाही. त्यातही भारतात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर लागतो व हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे ती आघाडी करातच संपते. शिवाय भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचे करार रद्दबातल ठरतात. वाटणीवरून वाद झाल्यास न्यायालयाचा भरवसा धरू नये.