योजनेचं पॅकेज दवाखान्याला परवडतं का?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाड्यात आमचा 25 खाटांचा दवाखाना आहे. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव नोंदवावं का? ‘पॅकेजमध्ये काहीच सुटत नाही’ असं व्यवसायातले बरेच जण सांगतात.

उत्तर : खाट रिकामी राहत असेल तर सुटतं, एरवी नाही. पॅकेज म्हणजे एका उपचारासाठी योजनेतून दवाखान्याला मिळणारी ठरलेली रक्कम. खाट, नर्सिंग, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), औषधं, तपासण्या, इम्प्लांट (शरीरात बसवायची प्लेट, स्क्रू वगैरे), जेवण हे सगळं एकाच रकमेत बसवायचं असतं. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

समजा, हाडाच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज 30,000 रुपये. सर्जन 8,000, भूलतज्ज्ञ 3,000, औषधं आणि ओटीचं सामान 7,000, प्लेट-स्क्रू 5,000, तपासण्या 1,500, चार दिवसांचं जेवण-बिवण 1,500. झाले 26,000, हाती 4,000. आता पगार, भाडं, वीज, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 9 लाख जातात आणि सरासरी 15 खाटा भरतात असं धरलं, तर भरलेल्या खाटेवर रोजचा बोजा 2,000, चार दिवसांचा 8,000. म्हणजे पूर्ण खर्च निघत नाही. पण उरलेल्या 10 खाटांचं भाडं आणि पगार तसेही जातातच, तिथे हे 4,000 वरची कमाई. रोख पैसे देणारा रुग्ण परत पाठवून योजनेचा घेतलात, तर मात्र घाटा.

जखमेत पू झाला आणि मुक्काम पाच दिवस वाढला की गणित फिरतं. अँटिबायोटिक, ड्रेसिंग, जेवण असे रोजचे 1,500 धरले तरी 7,500 गेले, पॅकेज तेवढंच. या योजनेशी जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या नियमात एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया केल्या तर दुसरीचे निम्मेच पैसे मिळतात, तिसरीचे चतुर्थांश. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांशी तुलना करू नका. तिथले पगार सरकारी तिजोरीतून होतात.

खरा मार बसतो तो योजनेचे पैसे उशिरा येण्याचा. 26,000 चार महिने अडकले आणि औषधवाल्याची उधारी महिना एक टक्क्याने चालली, तर 1,040 रुपये व्याजातच गेले. त्यातला बराच उशीर कागदांमुळे होतो. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर ओटीतच काढून केसपेपरवर चिकटवा. खोकं कचऱ्यात गेलं की योजनेकडून क्वेरी, म्हणजे बिलावर शंका, आलीच. ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेवर नाव, तारीख, डावी-उजवी बाजू हवी. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं भरतीच्या दिवशीच ताडून बघा. एवढं सांभाळणारा एक माणूस फक्त या कामाला ठेवता येत नसेल, तर नोंदणीच्या भानगडीत न पडलेलं बरं.

प्रश्न : सासऱ्यांचं ऑपरेशन योजनेत मंजूर झालं, पण ‘पॅकेज परवडत नाही’ म्हणून दवाखाना वरचे 20,000 मागतो. 5 लाखांचं कार्ड असताना हे कसं?

उत्तर : 5 लाख ही तुमच्या कुटुंबाची वर्षाची कमाल मर्यादा, दवाखान्याला त्यातून ठरलेल्या पॅकेजचेच पैसे मिळतात. ते कमी पडतही असतील, पण त्याचा निपटारा त्यांनी सरकारशी करायचा. मंजूर उपचारासाठी तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (रुग्णांच्या मदतीला बसवलेला योजनेचा माणूस) सांगा, नाही ऐकलं तर योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे दिलेच असतील तर पावती मागा. ‘पावती मिळणार नाही’ म्हणाले, तर कोणी, कधी आणि किती घेतले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.