नवा कॅमेरा नको, आधी एकच पूल टिपा

फोटोग्राफी शिकायला नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नका, मोबाइल पुरेसा आहे. आधी लेन्स सुती कापडाने पुसा; बोटाच्या तेलकट डागानेच कितीतरी फोटो धुरकट येतात.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा:

- सांगलीचा आयर्विन पूल, एकच संध्याकाळ, दहा फोटो. झूम अजिबात नाही, पायांनी जवळ-लांब व्हा. घाटाच्या पायरीवर बसून, कमानीखालून, पाण्यातल्या प्रतिबिंबावरून. पहिले तीन-चार सगळ्यांसारखेच येतील, खरी नजर त्यानंतर उघडते.
- एक दिवस फक्त पिवळा रंग. हळदीचा फोटो उन्हात काढला की पिवळा फाटतो, म्हणजे जास्त उजेडाने सपाट होतो, आणि हळदीचा पोतच दिसेनासा होतो. म्हणून ढीग सावलीत घ्या, स्क्रीनवर हळदीवर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. खिडकीतून आडवा उजेड आला तर कणन् कण दिसतो, फार सुंदर दिसतं ते!

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे भर दुपारी बाराला फोटो काढणं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. दुसरी, सगळं एकाच चौकटीत कोंबणं.

रोज रात्री त्या दिवसाच्या फोटोंपैकी एकच ठेवा आणि तोच का, हे एका ओळीत लिहा. शटर स्पीड, आयएसओ या उजेडाच्या सेटिंग पुढच्या महिन्यात बघू.