मेटालिका या मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आज परत ऐकण्यासारखा आहे का, की 'सेंट अँगर'नंतर आला म्हणून तेव्हा भारी वाटला होता?

दोन्ही. 2003च्या 'सेंट अँगर' या आधीच्या अल्बममध्ये गिटारचा एकही सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) नव्हता, त्यामुळे 2008मध्ये गिटारिस्ट कर्क हॅमेट पुन्हा सोलो वाजवतोय म्हटल्यावर अर्धी पब्लिक तिथेच खूश झाली. पण गाणी खरंच दमदार आहेत हो. प्रोड्यूसर बॉब रॉक जाऊन रिक रुबिन आला, तोच ज्याने स्लेयर बँडचा 'रेन इन ब्लड' अल्बम केला, आणि 'ऑल नाइटमेअर लाँग'चे रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) ऐकून ही माणसं चाळिशी ओलांडलेली आहेत हे पटत नाही.

माझं भांडण आवाजाशी आहे. आणि माझ्या तेव्हाच्या रूममेटशी.

त्याने सीडी आणली, माझ्या कॉम्प्युटरवर लावली. 'द डे दॅट नेव्हर कम्स'ची सुरुवात शांत आहे तोवर ठीक, पुढे गाणं तापलं की ड्रमच्या प्रत्येक फटक्याला चरचर. मी म्हटलं रेकॉर्डिंगच फाटलंय, तर हा म्हणतो तुझे स्पीकर फाटलेत, मेटल ऐकतोयस, भावगीत नाही! मग हेडफोन लावले, तरी तेच. शेवटी ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज आलेखासारखा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्यासमोर गाणं उघडलं, शेजारी 1986च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बममधलं एक. जुन्यात प्रत्येक ठोक्याचं टोक वेगळं वर आलेलं दिसतं, नव्यात वरून-खालून सगळं छाटून सरळ पट्टी. आवाज मोठा करायच्या नादात टोकंच कापली, मग ड्रमला ठोसा राहणार कुठून? तरी साहेबांचं म्हणणं, गाणं कानाने ऐकतात, चित्र बघून नाही.

नंतर 'गिटार हिरो' गेममध्ये हीच गाणी कमी दाबलेल्या आवाजात आहेत हे लोकांच्या लक्षात आलं आणि गेममधून काढलेली गाणी नेटवर फिरायला लागली. मास्टरिंग, म्हणजे अल्बमच्या आवाजावर शेवटचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सननेच सांगितलं की मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेलं रेकॉर्डिंग) माझ्याकडे आला तेव्हाच छाटलेला होता. हे दाखवलं तर रूममेट म्हणे लोकांना कामधंदे नाहीत. आता तोच ग्रुपवर 'अंडररेटेड मास्टरपीस' म्हणून लिंका टाकतो.

तर तुमच्या प्रश्नाचं, ऐका, पण 2008ची सीडी नको. 2015मध्ये आयट्यून्ससाठी नव्याने मास्टर केलेलं व्हर्जन आलं, त्यात गाण्यांना श्वास घ्यायला जागा मिळालीय. स्ट्रीमिंगवर जुनं व्हर्जन लावलंत तर अ‍ॅप सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणतं, म्हणजे ज्यासाठी एवढा अट्टहास केला तो मोठा आवाजही जातो आणि चरचर तेवढी उरते.

बाकी 10 गाणी आणि जवळजवळ 75 मिनिटं हे जास्तच आहे. 'सुसाइड अँड रिडेम्प्शन' हा दहा मिनिटांचा इन्स्ट्रुमेंटल अर्ध्यावर आणला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं, आणि जुन्या 'अनफर्गिव्हन' गाण्याचा तिसरा भाग कोणी मागितला होता? हां, गाडीत किंवा बसमध्ये ऐकणार असाल तर यातलं काहीच जाणवणार नाही, कुठलंही व्हर्जन चालेल. घरी नीट बसून सीडीच लावलीत आणि कोणी म्हणालं की स्पीकर बदल, तर पैसे खर्च करण्याआधी त्याला टेड जेन्सनचं म्हणणं वाचायला द्या.