ऑर्डर त्यांनी रद्द केली, पैसे कुणाकडे अडकले?

सेल संपला की पंधरा-वीस दिवसांनी माझ्या टपालाला भरती येते. वस्तू खराब निघाल्याची पत्रं त्यात कमीच असतात. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: पैसे आगाऊ भरले, मग कंपनीनेच ऑर्डर रद्द केली आणि आता रिफंडची वाट बघतोय. या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेते.

प्रश्न : ताई, दिवाळीत १७,४९० रुपयांचं वॉशिंग मशीन मागवलं, यूपीआयने पैसे भरले. चौथ्या दिवशी "विक्रेत्याकडे माल शिल्लक नाही" असा मेसेज आला आणि ऑर्डर रद्द. ॲपमध्ये हिरव्या अक्षरांत "रिफंड पूर्ण" दिसतंय, पण खात्यात छदामही नाही. कंपनी म्हणते बँकेला विचारा, बँक म्हणते कंपनीला विचारा. (नाशिक)

उत्तर : ही टोलवाटोलवी थांबवायची तर आधी एक गोष्ट शोधा: पैसे या घडीला नेमके कुणाच्या हातात आहेत? तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम थेट कंपनीकडे गेलेली नसते. मध्ये एक पेमेंट गोळा करणारी मध्यस्थ कंपनी असते, मग तिची बँक, मग यूपीआयची यंत्रणा, मग तुमची बँक. परतताना पैसे याच वाटेने उलटे येतात. ॲपमधलं हिरवं "पूर्ण" पुष्कळदा एवढंच सांगतं, की कंपनीने मध्यस्थाला "परत करा" असं कळवलं.

म्हणून ग्राहक सेवेला "पैसे कधी येणार?" असं विचारूच नका. त्याचं उत्तर "पाच ते सात कामाचे दिवस" हेच येणार, आणि दर वेळी मोजणी नव्याने सुरू होणार. विचारायचं ते असं: "रिफंडचा १२ अंकी आरआरएन किंवा यूटीआर क्रमांक आणि रिफंड पाठवल्याची तारीख ई-मेलवर द्या." बँक ज्यावरून एखादा व्यवहार शोधून काढते तो हा क्रमांक, आणि तो रिफंडचा हवा. तुम्ही पैसे भरले तेव्हाचा क्रमांक वेगळा असतो, आणि घाईत तोच पुढे केला जातो. बँकेतला माणूस मग मूळ व्यवहार बघतो, "हा तर यशस्वी आहे" म्हणतो आणि तुम्ही परत फिरता.

क्रमांक मिळाला तर बँकेत जाऊन एवढंच विचारा, की या क्रमांकाची रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली. "कोणत्या" यावर जोर द्या. आमच्या वहिनी दोन आठवडे कंपनीच्या नावाने बोटं मोडत होत्या. पैसे त्यांच्या जुन्या पगाराच्या खात्यात निवांत पडले होते, कारण यूपीआय ॲपला दोन खाती जोडलेली आणि त्या दिवशी जुन्यातून पैसे गेलेले. ते खातं मध्यंतरी बंद केलं असतं, तर रक्कम उलट फिरून पुन्हा कंपनीकडे गेली असती.

चार-पाच दिवसांत क्रमांकच मिळाला नाही, तर पैसे कंपनीच्या बाजूनेच अडलेत असं धरा आणि बँकेचे हेलपाटे थांबवा. तिथून पुढे भांडण फक्त कंपनीशी.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की पाच दिवसांत रिफंड आला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रोज १०० रुपये दंड मिळतो. माझे बावीस दिवस झाले. म्हणजे १,७०० रुपये मागायचे का? (कोल्हापूर)

उत्तर : हिशेब चोख आहे, पण नियम तुमच्या प्रकरणाला लागू नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक खरं आहे आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागूही आहे. मात्र ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराच्या यंत्रणेला ते पोचल्याचं कळलंच नाही, ऑर्डरच लागली नाही, अशा वेळी व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे रोजचे १०० रुपये. यूपीआय असो वा ऑनलाइन कार्ड, नियम तोच.

तुमचा व्यवहार मात्र यशस्वी झाला होता. ऑर्डर लागली, नंतर विक्रेत्याने रद्द केली. हा फसलेला व्यवहार नव्हे, हा विक्रेत्याने द्यायचा परतावा. त्याला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागतात, आणि त्यांत मान्य केलेला रिफंड "वाजवी मुदतीत" द्यावा असं म्हटलंय. वाजवी म्हणजे किती, हा वादाचा मुद्दा, आणि कंपन्या त्याच फटीत बसतात. तरी बावीस दिवस वाजवी नाहीत, हे सांगायला वकील लागत नाही. व्याज आणि नुकसानभरपाई मागता येते, पण ती ग्राहक आयोगाकडे, रोजच्या १०० रुपयांच्या हिशेबाने नाही. चुकीचा नियम दाखवून पत्र लिहिलं की समोरचा त्या चुकीलाच उत्तर देतो आणि तुमचं खरं म्हणणं बाजूला राहतं.

प्रश्न : पैसे डेबिट कार्डाने भरले होते. कंपनीने रिफंड तिच्याच वॉलेटमध्ये टाकला. मला तिथून पुन्हा काही घ्यायचं नाही. (डोंबिवली)

उत्तर : घेऊ नका. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जायला हवेत. दुसरा मार्ग ग्राहकाने स्पष्ट मान्य केला असेल तरच. पेमेंट गोळा करणाऱ्या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये ही अट घातली. फक्त आधी एक आठवून बघा: रद्द झाल्याच्या मेसेजमध्ये "लगेच रिफंड हवा?" असं बटण होतं का, आणि तुम्ही ते दाबलं का? "लगेच" म्हणजे बहुधा वॉलेट. दाबलं असेल तर कंपनी तीच संमती दाखवणार. दाबलं नसेल तर "मी संमती दिलेली नाही, रक्कम मूळ कार्डावर वळवा" असं लेखी कळवा आणि तोवर वॉलेटमधला एक रुपयाही खर्च करू नका. भाजी मागवलीत तरी "वापरले ना?" म्हणतील.

प्रश्न : २४,००० रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांच्या नो कॉस्ट ईएमआयने घेतला. तीन आठवड्यांनी ऑर्डर रद्द झाली. तोवर ४,००० रुपयांचा पहिला हप्ता आणि वर ५५ रुपये जीएसटी लागला होता. रिफंड आला तो २२,९०० रुपयांचा. अकराशे रुपये कंपनीने खाल्ले का? आणि दुसरा हप्ताही स्टेटमेंटमध्ये दिसतोय! (नागपूर)

उत्तर : कंपनीने खाल्ले नाहीत. "नो कॉस्ट" या शब्दांनीच तुम्हाला फसवलंय. बँक व्याज सोडत नाही. विक्रेता व्याजाइतकी सूट आधीच देतो: २४,००० च्या फोनवर ११०० सूट, कार्डावर प्रत्यक्ष खर्च २२,९००. या २२,९०० चं बँकेने सहा महिन्यांचं कर्ज केलं, त्यावर सुमारे १६ टक्के व्याज लावलं, आणि सहा हप्ते मिळून पुन्हा २४,००० झाले. विक्रेत्याने घेतले २२,९०० आणि परत केलेही तेवढेच. तुमच्या पहिल्या ४,००० मध्ये ३०५ रुपयांच्या आसपास व्याज होतं, त्यावर १८ टक्क्यांनी ५५ रुपये जीएसटी. म्हणजे तुमचं खरं नुकसान साधारण ३६० रुपये, आणि प्रोसेसिंग फी घेतली असेल तर ती. अकराशे नव्हे.

दुसऱ्या हप्त्याचा मामला बँकेचा. विक्रेत्याकडून रक्कम आली म्हणजे ईएमआय आपोआप बंद होतो असं नाही. पुष्कळदा रिफंड कार्डावर जमा दिसतो आणि शेजारी हप्ते चालूच राहतात. बँकेला आजच लिहा: "विक्रेत्याने ऑर्डर रद्द करून पूर्ण रक्कम परत केली आहे, या तारखेपासून ईएमआय रद्द करा, मुदतपूर्व बंदीचं शुल्क लावू नका." हे शुल्क आणि मधलं व्याज बऱ्याच बँका ग्राहक अडून बसला की सोडतात, आणि नाही सोडलं तर ते विक्रेत्याकडे मागा. ऑर्डर तुम्ही थोडीच मोडली?

एक लक्षात ठेवा. बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंत रिफंड आला नसेल तर बिल भरून टाका. रिफंडच्या भरवशावर बिल थकवलं की दंड आणि व्याज तुमच्याच माथी. बिल भरल्यानंतर रिफंड येऊन कार्डावर मोठी रक्कम शिल्लक राहिली, तर ती तशीच ठेवायला बँकेने सात दिवसांच्या आत तुमची संमती मागायला हवी. मोठी म्हणजे मर्यादेच्या एक टक्का किंवा ५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त. संमती दिली नाही तर रक्कम तुमच्या बँक खात्यात वळती व्हायला हवी. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा हा नियम फार कमी लोकांना माहीत आहे.

प्रश्न : ५५ इंची टीव्ही ४,९९९ ला दिसला. पैसे भरले, ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला, दुसऱ्या दिवशी "किमतीत चूक झाली" म्हणून रद्द. रिफंड मिळाला. पण मला टीव्हीच हवा. (सातारा)

उत्तर : खरं सांगायचं तर टीव्ही मिळणं अवघड आहे. जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींत एक वाक्य असतं: माल रवाना केला तेव्हाच करार झाला, त्याआधीचा मेसेज म्हणजे फक्त पोच. शिवाय ४,९९९ ची किंमत चुकलेली आहे हे तुम्हालाही बघताक्षणी कळलं असणार (राग मानू नका, मलाही मोह झाला असता).

पण "रिफंड दिला, विषय संपला" हेही खरं नाही. ओडिशात एका कायद्याच्या विद्यार्थ्याने २०१४ मध्ये १९० रुपयांना दाखवलेला लॅपटॉप मागवला. किंमत चुकली म्हणत कंपनीने ऑर्डर रद्द केली. तो भांडत राहिला आणि २०२१ मध्ये राज्य आयोगाने त्याला एकूण ४५ हजार रुपये द्यायला लावले. आपल्या दादरच्या एका ग्राहकाची २०२२ मधली फोनची ऑर्डर कंपनीने परस्पर रद्द केली, पैसेही परत केले. तरी मध्य मुंबई जिल्हा आयोगाने २०२४ मध्ये १० हजार रुपये भरपाई दिली. जास्त नफ्यासाठी ऑर्डर मुद्दाम रद्द केली, असं आयोगाचं मत पडलं.

म्हणजे टीव्ही नाही, पण त्रासाची भरपाई मिळू शकते, आणि तीही कंपनीचा हेतू खोटा होता हे दाखवता आलं तर. तोच टीव्ही दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने तिथेच विकायला होता का? त्याचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसकट, असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. नसेल तर रिफंड घेऊन गप्प बसणं शहाणपणाचं.

प्रश्न : रिफंडसाठी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन केला. त्या माणसाने एक ॲप टाकायला सांगितलं आणि खात्यातून ३८ हजार गेले. (रत्नागिरी)

उत्तर : हा कॉलम वाचायच्या आधी १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. त्याच वेळी बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करा. ते ॲप तुमच्या फोनची स्क्रीन त्याला दाखवत होतं. काढून टाका, पण आधी त्याच्या नावाचा आणि कॉलच्या नोंदीचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. इतरांसाठी: पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही. आणि कंपनीचा नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. सांगलीला आई-बाबांसाठी भारतीय साइटवरून अमेरिकन कार्डाने फ्रिज मागवला. ऑर्डर रद्द झाली, रुपये पूर्ण परत आले, पण डॉलर कमी मिळाले. (एडिसन)

उत्तर : विक्रेत्याने तेवढेच रुपये परत दिले; फरक दराचा. जाताना त्या दिवसाचा दर लागला, येताना परतीच्या दिवसाचा, आणि मधल्या काळात रुपया घसरला. वर तुमच्या बँकेने परदेशी व्यवहाराचं शुल्क घेतलं असेल, तर ते परत मिळतं का हे तिलाच विचारा. पुढच्या वेळी आई-बाबांच्या खात्यात पैसे पाठवा आणि ऑर्डर त्यांना करू द्या.

प्रश्न : माझे फक्त १,२४० रुपये अडकलेत. दीड महिना झाला. इतक्याशा रकमेसाठी कोर्टकचेरी करायची का? (जालना)

उत्तर : कचेरीपर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही, पण पायऱ्या क्रमाने चढा. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. ग्राहक सेवेच्या चॅटवर वेळ घालवू नका, त्या अधिकाऱ्याला ई-मेल करा. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, हे त्याच्यावर नियमाने बंधनकारक आहे. ऑर्डर क्रमांक, रद्द झाल्याची तारीख, रक्कम, आणि "रिफंडचा क्रमांक द्या" एवढंच लिहा. संताप चार ओळींत मावला तर उत्तम.

दाद लागली नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे विचारणा करते. पण हजार-दोन हजारांच्या रिफंडला एवढा धक्का बऱ्याचदा पुरतो.

तरीही नाही, तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे घरबसल्या तक्रार. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार जालन्यातच करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं तरी. मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. तुम्ही वर्ष धरून चला. भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागायला विसरू नका. आणि ऑर्डर रद्द झाल्याचा तो पहिला मेसेज आजच फोनमधून ई-मेलवर पाठवून ठेवा. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी फोन बदलला, आणि सगळा पुरावा जुन्या फोनबरोबर एक्स्चेंजमध्ये गेला.