क्लासच्या वेब ॲपसाठी सगळे ब्राउझर सांभाळायलाच हवेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांची टीम, कोचिंग क्लासची हजेरी आणि फी सांभाळणारं वेब ॲप, सगळं फक्त क्रोमवर तपासलेलं. आता सफारी, फायरफॉक्स, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या मागे लागायचं का?

ब्राउझर नका मोजू, इंजिनं मोजा, म्हणजे कोड वाचून पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा. एज (जानेवारी २०२० पासून), ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट यांच्या पोटात क्रोमचंच ब्लिंक आहे. सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको धरून काम तीन इंजिनांचंच. ही तिन्ही सांभाळा. ‘पालकांना क्रोम वापरायला सांगू’ हा तोडगा आयफोनवर लागूच पडत नाही, कारण आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमही आतून वेबकिटच असतं.

फायरफॉक्स फारसा त्रास देत नाही. घाम काढतं ते वेबकिट, त्यातही जुनं. आयफोनवर हे इंजिन आयओएसबरोबरच अपडेट होतं आणि आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबलाय. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुराचा साचा तपासणाऱ्या कोडमधलं) लुकबिहाइंड, म्हणजे आधी कोणती अक्षरं आहेत ते मागे वळून बघण्याची सोय, सफारीत आलं १६.४ ला, मार्च २०२३ मध्ये. मोबाइल नंबर तपासणाऱ्या एखाद्या ओळीत ते असेल, तर त्या फोनवर नुसती तपासणी चुकत नाही. अख्खी जावास्क्रिप्ट फाइल ब्राउझरला वाचताच येत नाही आणि पालकांना कोरं पान दिसतं. पॉलिफिल (नसलेली सोय भरून काढणारा जोडकोड) इथे कामाचं नाही, ती ओळच वेगळी लिहावी लागते.

बाकीच्या खोड्या लहान, पण रोजच्या. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा असलेली स्ट्रिंग क्रोम निमूट वाचतो, जुना सफारी ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणतो. मध्ये कॅपिटल टी घाला. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन त्यात बोट लावताच पान झूम करतो. सर्व्हरचं उत्तर आल्यावर पावती नव्या टॅबमध्ये उघडायला गेलात तर सफारी तिला पॉप-अप समजून अडवतो. क्लिक होताक्षणी रिकामा टॅब उघडा, पत्ता मागाहून द्या. आणि ऑफलाइन हजेरी इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्याच साठ्यात, ठेवत असाल तर सावध राहा: सफारी वापरल्याचे सात दिवस भरले आणि तेवढ्यात तुमच्या साइटवर कोणी फिरकलं नाही, तर तो साठा पुसला जातो. दिवाळीच्या सुट्टीत हे हमखास होणार. हजेरी लगोलग सर्व्हरवर पाठवा.

‘कोणता ब्राउझर’ यापेक्षा ‘कुठपर्यंत जुना’ हे आधी ठरवा. क्लासच्या ऑफिसात विंडोज ७ चा पीसी असेल तर तिथे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. सीएसएस नेस्टिंग, म्हणजे मांडणीच्या एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिणं, क्रोममध्ये ११२ पासून आहे. ते तसंच पाठवलंत तर त्या पीसीवर मांडणी विस्कटेल. सास किंवा पोस्टसीएसएस या सीएसएस बदलून देणाऱ्या साधनांनी ते आधीच सपाट करून घ्या.

मी किमान मर्यादा क्रोम १०९, फायरफॉक्स ११५, आयओएस १५ अशी धरेन आणि ती ब्राउझरलिस्टच्या फाइलमध्ये (कोणते ब्राउझर सांभाळायचे याची यादी) लिहून ठेवेन. जुन्या ब्राउझरसाठी कोड बदलून देणारी बेबल आणि ऑटोप्रीफिक्सर ही साधनं ती वाचतात. ॲप बांधून देणारं व्हीट मात्र आपणहून वाचत नाही, तिथे बिल्ड टार्गेट वेगळं द्यावं लागतं. यात नेमकी इथेच फसगत होते.

सांभाळायचं म्हणजे सगळीकडे हुबेहूब दिसायला हवं असं नाही. लॉगिन, हजेरी, फी आणि पावती तिन्ही इंजिनांवर चाललीच पाहिजे. सावल्या आणि ॲनिमेशन कुठे नसलं तरी बिघडत नाही. पावतीचा प्रिंटर वेब ब्लूटूथने, म्हणजे थेट वेब पानातून ब्लूटूथवर, जोडणार असाल तर ते सफारी, फायरफॉक्समध्ये नाहीच. तेवढं काउंटरवरचं पान खुशाल फक्त क्रोमसाठी ठेवा. पण ब्राउझरचं नाव बघून दार लावू नका, ती सोय आहे की नाही एवढंच तपासा.

तपासणीसाठी प्लेराइट या आपोआप चाचण्या चालवणाऱ्या साधनात तिन्ही इंजिनं मिळतात. फी भरण्याची एक पूर्ण चाचणी तिन्हींवर प्रत्येक रिलीजआधी चालवा. त्यातलं वेबकिट म्हणजे खरा आयफोन नव्हे, कीबोर्ड आणि झूमचे घोळ त्यात दिसत नाहीत. त्यासाठी आयओएस १५ वरचा एक सेकंडहँड आयफोन टेबलावर ठेवा.