गळू, तालीम आणि उरलेल्या कॅप्सूल

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा तासगाव तालुक्यातील आमच्या गावी तालमीत जातो. चार महिन्यांत त्याला मांडीवर व काखेत तीनदा गळू झाले. पहिल्या दोन वेळी घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या आणि ठणका थांबताच बंद केल्या. आता पुवाच्या तपासणीत ‘एमआरएसए’ आले आहे. यावर औषधच नाही का? तालीम सोडावी का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : औषध आहे. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन या औषधाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा जंतू साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात निरुपद्रवीपणे राहतो आणि त्वचा खरचटली की आत शिरतो. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते याच जंतूंच्या बशीत. पुढे पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले. ही औषधे, आणि त्यांच्याच कुळातले अमॉक्सिसिलिन, जंतूची भिंत रचणाऱ्या प्रथिनाला चिकटून ते काम बंद पाडतात. एमआरएसएजवळ मात्र औषध चिकटूच शकत नाही असे निराळे प्रथिन असते. त्यामुळे आपल्या घरातील कॅप्सूल येथे व्यर्थच होत्या, शिवाय अशा अर्धवट मात्रांनी साधे जंतू मरून चिवट जंतूंना मोकळे रान मिळते. रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे ‘एस’ असेल तर ते लागू पडते, ‘आर’ असेल तर नाही. त्यावरून निवड डॉक्टरांनी करावी. पुष्कळदा चीर देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार असतो. घरी गळू पिळू नये.

तालीम सोडण्याची गरज नाही, पण जखम पूर्ण वाळेपर्यंत कुस्ती बंद ठेवावी. तालमीच्या मातीत हळद आणि ताक असते म्हणून ती जखमेला औषधी, असे वस्ताद मंडळी सांगतात. हळदीबद्दल मलाही आदर आहे, तरी उघड्या गळवावर माती नको. खुंटीवरचा एकच टॉवेल पाच जण वापरतात, खरी गोम तिथे आहे. टॉवेल, लंगोट, वस्तरा ज्याचा त्याचा असावा, सरावानंतर लगेच साबणाने अंघोळ करावी आणि कपडे रोज धुऊन कडक उन्हात वाळवावेत. घरात किंवा तालमीत आणखी कोणाला गळू असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. ताप आला किंवा लाली झपाट्याने पसरू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.